दोन मशिनी एकदम थांबत नसतात

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही," असं कुणी माझ्यासमोर म्हटलं की अजूनही माझं डोकं सणकतं. घरचे म्हणतात, आता वय झालं, कशाला चिडतेस? का नाही चिडायचं? माझ्या सख्ख्या मावशीला ज्या कॉम्प्युटरनं सूतचोर ठरवलं, त्याच्या पोटात काय लिहून ठेवलं होतं ते मी स्वतः ओळ न् ओळ वाचलंय. ते लिहिणारा माणूस पुण्यात पंख्याखाली बसून चहा पीत होता आणि इकडे गिरणीच्या गेटवर माझ्या मावशीच्या लुगड्याचा ओचा चाचपला जात होता. चिडू नको म्हणे!

ऐंशीच्या दशकाचा शेवट जवळ आला होता. मी सिंदी रेल्वेची. नागपूरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि पुण्याच्या एका छोट्या कंपनीनं मला कामावर घेतलं. मी हुशार होते म्हणून घेतलं असेल थोडंफार, पण खरं कारण हे की वर्धा जिल्ह्यात येऊन राहायला त्यांच्यातलं कुणी तयार नव्हतं. आर्वीच्या वाटेवर तेव्हा एक सूतगिरणी होती. तिथं त्यांनी कॉम्प्युटर बसवला होता. गिरणीही गेली आणि कंपनीही गेली, नावं सांगून आता काय करायचं? कॉम्प्युटर चालू ठेवायचा, टेप बदलायची, प्रिंटरमध्ये कागद अडकला तर ओढून काढायचा आणि काही अडलं तर पुण्याला ट्रंक कॉल लावायचा, असं माझं काम होतं.

राहायला मावशीकडे. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. काका आर्वी डेपोत कंडक्टर, आज इकडे मुक्काम तर उद्या तिकडे, त्यामुळं घरात बहुतेक ती आणि मी दोघीच. मावशी त्याच गिरणीत रीलिंग खात्यात कामाला होती. आवाज असा की ती ओसरीवर बोलली की शेजारची म्हातारी तिच्या घरातून उत्तर द्यायची. कुणाचं एक ऐकून घ्यायची नाही. कामाला मात्र वाघीण. मी पहिल्या दिवशी गिरणीत गेले तेव्हा तिनं सगळ्या खात्याला ओरडून सांगितलं, "हे माह्या बहिनीची पोरगी व्हय. त्या काचेच्या खोलीतला डबा हेच चालवते. कोनी हिले तरास देजो नोको." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रीलिंग म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हातमागवाल्यांना सूत लडीच्या रूपात लागायचं. रीलिंगच्या मशीनवर लांबच लांब फिरकी असते. बॉबिनवरचं सूत त्या फिरकीवर गुंडाळलं जातं आणि ओळीनं लड्या तयार होतात. लड्या भरल्या की दांडा ओढून मशीन थांबवायची, प्रत्येक लडीला दोऱ्यानं बांधायचं, फिरकी सैल करायची आणि लड्या एका बाजूनं सरकवत उतरवायच्या. हे काम एकटीनं होतं, नाही असं नाही. पण एकटीनं करायचं म्हणजे बांधायला इकडे आणि सरकवायला तिकडे अशी नुसती धावपळ.

म्हणून आमच्या खात्यातल्या बायकांनी जोड्या केल्या होत्या. शेजारशेजारच्या दोन मशिनींची एक जोडी. दोघींच्या लड्या साधारण एकाच वेळी भरतील असं त्या सांभाळायच्या. भरत आल्या की एक जण ओरडायची, "चाल वं!" आणि दोघी एकाच झटक्यात आपापला दांडा ओढायच्या. आधी एकीच्या मशीनवर चार हातांनी काम, मग दुसरीच्या. मी मावशीला एकदा विचारलं होतं, "तुही मशीन काऊन बंद करतं? तिच्या लड्या उतरेपर्यंत तुही चालू दे नं."

"अवं, मी तिच्याकडे गेली अन् इकडे धागे तुटले तं पाहीन कोन? सारा गुंता होईन. सोडून जाचं तं बंद करून जाचं."

मावशीच्या जोडीदारणीचं आणि तिचं किती वर्षांचं सूत जमलेलं होतं कोण जाणे. दोघी एका डब्यात जेवायच्या. मावशीची भाजी तिला आणि तिचं लोणचं मावशीला. एकमेकींवर खेकसायच्याही तितक्याच. "दांडा वढाले हात मोडला का तुहा?" असं एकीनं म्हणावं आणि दुसरीनं तिच्या सात पिढ्या काढाव्या, असं दिवसभर चालायचं. पण "चाल वं" म्हटलं की दोन दांडे एकदम खाली. खात्यात सगळ्यात जलद जोडी त्यांची. बघत राहावं असं काम होतं ते.

आता कॉम्प्युटर. प्रत्येक मशीनच्या दांड्याला एक बारका स्विच लावला होता आणि त्याची वायर खात्याच्या वरच्या काचेच्या खोलीत कॉम्प्युटरच्या मागच्या कार्डापर्यंत आणली होती. मशीन थांबली की कार्ड कॉम्प्युटरला वर्दी देणार. पुन्हा सुरू झाली की पुन्हा वर्दी. या वर्दीला आम्ही इंटरप्ट म्हणायचो. कॉम्प्युटर काहीही करत असला तरी वर्दी आली की हातातलं काम टाकून तिच्याकडे बघायचं, असा नियम. बघायचं काम करणारा जो प्रोग्रॅम असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो कर्नलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अगदी गाभ्यात बसलेला असतो. ड्रायव्हरनं बघायचं, कुठली मशीन थांबली, टिपून ठेवायचं आणि मोकळं व्हायचं. संध्याकाळी कॉम्प्युटर हिशेब करणार की अमुक मशीन इतका वेळ चालली, म्हणजे तिच्यावर इतकं सूत निघायला हवं. आणि लड्या काट्यावर चढल्या की कळणार, प्रत्यक्षात किती निघालं.

ड्रायव्हर लिहिला होता पुण्याच्या साहेबांनी. मोठे हुशार म्हणून त्यांची ख्याती. उद्घाटनाला आले तेव्हा मला म्हणाले, "ड्रायव्हरला हात लावायचा नाही हं. ते तुमचं काम नाही." मी म्हटलं, बरं.

पहिले काही आठवडे बरे गेले. मग मॅनेजरनं एक दिवस मला बोलावलं. तो माणूस वाईट नव्हता असं लोक म्हणायचे. असेल बापडा. त्यानं माझ्यासमोर प्रिंटआउट पसरला आणि विचारलं, "हे बरोबर आहे ना?" रीलिंगच्या काही मशिनींवर सूत कमी पडत होतं. कॉम्प्युटरच्या मते मशीन पूर्ण पाळी जवळजवळ न थांबता चालली, आणि काट्यावर सूत मात्र तेवढं नाही. मशीन चालली तर सूत निघालं. सूत निघालं तर गेलं कुठं?

मी म्हटलं, "तपासून सांगते."

"तपासायचं काय त्यात? कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

दुसऱ्या दिवसापासून गेटवर बायकांची झडती सुरू झाली. सगळ्यांची नाही. ज्यांच्या मशिनींचं सूत कमी पडत होतं, फक्त त्यांची. झाडू मारणारी एक बाई उभी केली होती झडती घ्यायला. पाळी सुटल्यावर बाकीच्या बायका बाजूनं बाहेर पडायच्या आणि या निवडक बायकांनी तिथं थांबून ओचे सोडून दाखवायचे. डबे उघडायचे. पिशव्या झटकायच्या. बाहेर सायकली घेऊन थांबलेले बाप्ये बघताहेत, पोरं बघताहेत. माझी मावशी त्या रांगेत होती. सगळ्यात जास्त सूत तिच्याच मशीनवर कमी पडत होतं. का, ते मला पुढं कळलं. कारण तिची जोडी सगळ्यात जलद होती, म्हणजे दिवसातून सगळ्यात जास्त वेळा थांबणारी.

मावशी घरी आली. पिशवी टाकली. पाणी प्यायली नाही. मी चहा ठेवायला उठले तर म्हणाली, "बस तिथंच."

मी बसले.

"माह्या अंगाले हात लावला त्या बाईनं. साऱ्यायच्या समोर. अन् तो मॅनेजर मले म्हनते, बाई, कॉम्प्युटर सांगून राह्यला तुमचं सूत जाते. मी म्हनलं, सूत का मी पोटाले बांधून आनतो? तं म्हनते, बोलाचं काम नाई, उद्यापासून घरी बसा, चौकशी होईन." मग ती माझ्याकडे वळली. "सांग आता. तुहा डबा व्हय नं तो? सांग मले, म्या काय चोरलं?"

काय बोलणार? उद्यापासून मावशीनं घरी बसायचं आणि मी त्याच गिरणीत जाऊन तोच डबा चालू करायचा. त्या रात्री दोघी जेवलो नाही. काका बाहेरगावी मुक्कामाला होते म्हणून गिरणीवाले वाचले, नाहीतर त्यांनी बस तशीच गिरणीत घालायला लावली असती.

सकाळी मी कामावर गेले तेव्हा मॅनेजरनं मावशीच्या जोडीदारणीला बोलावलेलं होतं. मी दाराशीच उभी होते. त्यानं विचारलं, "तुमची मशीन तर दिवसातून कितीतरी वेळा थांबलेली दिसते. तिची का नाही? तुम्ही दोघी बरोबर काम करता ना?"

एवढं सांगायचं होतं तिनं. हो साहेब, आम्ही दोघी बरोबरच थांबवतो. तेवढं एक वाक्य. पण ती बिचकली. आपली मशीन स्वच्छ निघाली आहे, उगाच तोंड उघडून आपणही रांगेत कशाला जा, असं तिला वाटलं असावं. मान खाली घालून म्हणाली, "मी माह्यावाल्या मशीनवर असतो साहेब. तिचं मले नाई माहीत."

तिला दोष देऊ का? देते. थोडा देते. पण खरा दोष त्याचा, ज्यानं एकीला स्वच्छ आणि दुसरीला चोर ठरवून दोघींच्या मधे कागद सरकवला.

मी मात्र त्या एका प्रश्नावर अडकून पडले. तिची मशीन थांबलेली दिसते, मावशीची दिसत नाही. आणि थांबतात तर दोन्ही एकदम! मी रांगेतल्या बाकीच्या बायकांच्या मशिनी पाहिल्या. प्रत्येक जोडीत ज्या मशीनचा नंबर आधीचा ती स्वच्छ, नंतरचा ती चोर. एकही जोडी याला अपवाद नाही. माणसं अशी नंबरवारीनं चोरी करतात होय?

गिरणीला साप्ताहिक सुट्टी होती त्या दिवशी मी किल्ली घेऊन काचेच्या खोलीत जाऊन बसले. दिवसभर ड्रायव्हर वाचला. हात लावायचा नाही म्हणाले होते, वाचायचा नाही असं नव्हते म्हणाले. आणि वाचता वाचता माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कार्डावर एक रजिस्टर असतं. ज्या मशीननं वर्दी दिली तिची खूण त्यात उमटते. दोघींनी दिली तर दोन खुणा उमटतात. इथपर्यंत सगळं ठीक. पण साहेबांचा ड्रायव्हर काय करायचा? पहिल्या नंबरापासून खुणा बघत यायचा आणि जी पहिली सापडली तेवढीच घ्यायचा. मग तिथंच, बाकीच्या सगळ्या वर्द्या कानाआड करून, प्रिंटरवर तिची ओळ छापत बसायचा. तो प्रिंटर म्हणजे आमच्या गावच्या बैलबंडीहून सुस्त. छापून झालं की मग शेवटी काय, तर अख्खं रजिस्टर पुसून टाकायचं! सगळं! दुसरीची खूण तशीच उभी होती, तीही पुसली. दारावर दोन पाहुणे आले, एकाला आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं आणि मग बाहेर न बघता कडी घातली. दुसरा पाहुणा आलाच नाही म्हणे.

याहून पुढचं ऐका. मावशीची मशीन थांबल्याची वर्दी हरवली, पण नंतर ती सुरू झाल्याची वर्दी तर यायची. दोघींच्या मशिनी सुरू व्हायच्या मात्र वेगवेगळ्या वेळी, म्हणून ती वर्दी हरवायची नाही. म्हणजे कॉम्प्युटरला कळत होतं की चालू असलेली मशीन पुन्हा सुरू झाली. असं कसं होईल? शहाण्या माणसानं तिथंच थांबून विचार केला असता की बाबा, मधली एक वर्दी आपण गमावली. साहेबांनी काय केलं होतं? अशी वर्दी आली तर ती निरर्थक समजून गुपचूप टाकून द्यायची. कुठं नोंद नाही, कुणाला सांगणं नाही. पुरावा रोज समोर येत होता आणि हा प्रोग्रॅम तो रोज केरात टाकत होता. एकट्या खोलीत मी मोठ्यानं शिवी दिली. दोन दिल्या.

दुसऱ्या दिवशी ट्रंक कॉल लावला. लाइन लागायला दुपार झाली. खरखर इतकी की निम्मं ओरडून सांगावं लागत होतं. मी सगळं सांगितलं. पलीकडे साहेब हसले.

"अहो बाई, टेबलावर मी स्वतः टेस्ट केलंय. एक चूक आली नाही."

"तुमच्या टेबलावर एकच स्विच होता साहेब. इथं दोन मशिनी एकदम थांबतात."

"दोन मशिनी एकदम थांबत नसतात. प्रत्येक मशीन आपल्या वेळेला थांबते. दोन वर्द्या इतक्या जवळ येण्याची शक्यता नगण्य आहे."

"इथं दर वेळी येतात! बायका जोडीनं थांबवतात!"

"मग त्यांना सांगा, एकेकीनं थांबवा. पद्धत चुकीची आहे त्यांची." आणि वर, "त्यातली एक तुमची मावशी आहे असं मॅनेजर म्हणत होते. खरं आहे का?"

मी म्हटलं, "खरं आहे."

"मग मला वाटतं, या विषयात तुम्ही न पडलेलं बरं."

फोन ठेवला त्यांनी. ठेवला! माझ्या हातात रिसीव्हर तसाच. मावशीऐवजी दुसरी कुणी असती तर मी खरी ठरले असते होय? रजिस्टर पुसलं जात होतं ते काय मावशीचं नातं बघून? ऑफिसातला कारकून माझ्याकडे बघत होता. त्याच्यावरच खेकसले, "काय बघून राह्यले? कधी पाहिलं नाही का बाईले चिडलेलं?"

मी तडक मॅनेजरकडे गेले. म्हटलं, "पाच मिनिटं काचेच्या खोलीत या." आला. खालच्या खात्यात मी दुसऱ्या एका जोडीला सांगून ठेवलं होतं, मी हात वर केला की थांबवा. हात वर केला. "चाल वं!" खालून आवाज आला, दोन दांडे खाली, दोन मशिनी ठप्प. काचेतून स्पष्ट दिसत होतं. प्रिंटर खरखरला आणि एक ओळ छापली. एकच. आधीच्या नंबराची.

"पुन्हा," मॅनेजर म्हणाला.

पुन्हा केलं. पुन्हा एकच.

मी वाट बघत होते, आता हा म्हणेल, अरेरे, मोठी चूक झाली. तो हनुवटी खाजवत म्हणाला, "हं. तुमच्या कंपनीकडून तसं लेखी आणा, मग बघू."

लेखी! डोळ्यांनी पाहिलेलं पुरत नाही, आता कागद पाहिजे. ज्या कागदानं मावशीला घरी बसवलं त्याला मात्र कुणाची सही लागली नव्हती.

मी लेखी आणलं नाही. पुढच्या सुट्टीच्या दिवशी परत जाऊन बसले आणि ड्रायव्हरला हात लावला. दोन्ही हात लावले. वर्दी आली की रजिस्टर एकदाच वाचायचं, जेवढ्या खुणा सापडल्या तेवढ्या सगळ्या उचलायच्या आणि फक्त उचललेल्याच पुसायच्या. त्या एका रांगेत लावून ठेवायच्या आणि ताबडतोब बाहेर पडायचं. छपाई मागाहून, सवडीनं. आणि चालू मशीन पुन्हा सुरू झाल्याची वर्दी आली तर टाकून न देता ठळक छापायची, की इथं काहीतरी हुकलंय. ड्रायव्हर बदलायचा म्हणजे अख्खा कर्नल नव्यानं बांधून कॉम्प्युटर बंद करून परत चालू करावा लागे. चालू झाला नाही तर नोकरी गेली, हे मला माहीत होतं. माझ्या रागापुढं नोकरीचं काय घेऊन बसलात! चालू झाला.

सुट्टीनंतर गिरणी सुरू झाली तशी मॅनेजरला परत वर बोलावलं. त्याच जोडीनं थांबवलं. प्रिंटरनं दोन ओळी छापल्या. त्या आठवड्यात कुणाच्याही मशीनवर सूत कमी पडलं नाही. गेटवर झडती घेणारी बाई गुपचूप परत झाडू मारायला गेली. नवा ड्रायव्हर टेपवर उतरवून मी पुण्याला पाठवला, सोबत चार ओळींची चिठ्ठी, तिच्यात काय लिहिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. उत्तर आलं नाही. पुढं कळलं की साहेबांनी माझाच ड्रायव्हर सुधारित म्हणून बाकीच्या गिऱ्हाइकांकडे बसवला. बसवू दे. तिथल्या बायका तरी वाचल्या.

मावशीला निरोप गेला. मी तिच्याबरोबर मॅनेजरच्या खोलीत गेले. तो हसून म्हणाला, "या बाई. कॉम्प्युटरनं तुम्हाला निर्दोष ठरवलंय. आजपासून कामावर या."

मावशीनं त्याच्याकडे नीट बघितलं. "त्या डब्यानं मले चोर म्हनलं, आता तोच मले साव म्हनते. तुमाले तोंड नाई का साहेब? तुम्ही सांगा. गेटवर उभे राहून सांगा, ह्या बाईनं सूत नाई चोरलं. जिथं ओचा सोडाले लावला तिथंच सांगा."

"अहो, झालं गेलं. सिस्टिमची चूक होती."

"सिस्टिम कोन?"

तो घड्याळाकडे बघायला लागला. मी बोलले, बरंच बोलले, आवाज चढवून बोलले. काही उपयोग झाला नाही. गेटवर येऊन कुणी काही सांगितलं नाही, त्या दिवशी नाही, पुढंही कधी नाही. मला वाटलं, मावशी आता थुंकून निघून येईल. पण ती खाली खात्यात गेली. पदर खोचला आणि आपल्या मशीनसमोर उभी राहिली. मला एवढंच म्हणाली, "घरी बसली तं चोर व्हती म्हनूनच बसली म्हनतीन."

मी वर काचेच्या खोलीत गेले. खाली शेजारच्या मशीनवर तिची जोडीदारीण तिच्याकडे बघत होती. लड्या भरत आल्या. दोघींच्याही भरत आल्या होत्या, जोडीदारणीनं मुद्दाम सांभाळून आणल्या होत्या. तिनं दांड्यावर हात ठेवला आणि हाक मारली, "चाल वं!"

मावशीनं मान वर केली नाही. जोडीदारणीचा दांडा एकटाच खाली आला. प्रिंटरनं एक ओळ छापली. जोडीदारीण मग एकटीच आपल्या लड्या बांधायला लागली. तिच्या बांधून, उतरवून झाल्या, तिची मशीन परत सुरू झाली, आणि त्यानंतर मावशीनं आपली थांबवली. थांबल्याची दुसरी ओळ छापली गेली. मावशी एकटीच बांधायला इकडे आणि सरकवायला तिकडे धावत राहिली.

मी मधल्या सुट्टीत खाली जाऊन म्हटलं, "मावशी, ती बोलावून राह्यली तुले."

"ऐकू आलं मले," मावशी म्हणाली.

मावशी परत आली त्या आठवड्यात बाकीच्या जोड्याही एकेक करून सुटल्या; त्यांच्यातही एक झडतीच्या रांगेत उभी राहिली होती आणि दुसरी बाजूनं निघून गेली होती. कुणी कुणाशी भांडलं नाही. फक्त प्रत्येकीनं आपापला दांडा आपापल्या वेळेला ओढायला सुरुवात केली, आणि मॅनेजर म्हणाला, बघा, शिस्त आली. मी त्या गिरणीत आणखी दोन वर्षं होते. माझा ड्रायव्हर दोन वर्द्या एकदम आल्या तर दोन्ही घ्यायला रोज तयार असायचा. मी रोज प्रिंटआउट बघायची. एकदम अशा दोन कधीच आल्या नाहीत.